मेलेल्या शिव्या : स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडचा जुना माल

तिरफळ

शिव्यांवर धागा काढतोय म्हणून संपादकांनी लगेच कात्री हातात घेऊ नये. यातल्या बऱ्याच शिव्या मरून दोन-चारशे वर्षं झाली. देणारे गेले, खाणारेही गेले. आता त्या कोशात पडून आहेत आणि कोशातल्या शिवीवरून कुणाचं डोकं फुटल्याचं ऐकिवात नाही.

सुरुवात थेट दरबारातून करतो. साल १५००च्या आगेमागे, स्कॉटलंडच्या गादीवर चौथा जेम्स. त्याच्या पदरी विल्यम डनबार नावाचा कवी. त्याच्यापुढे शड्डू ठोकून उभा राहिला वॉल्टर केनेडी, एअरशरकडचा, बड्या घराण्यातला. दोघांनी एकमेकांची जी धुलाई केली ती सगळी पद्यात. वृत्त सांभाळून, अनुप्रास साधून, यमक न सोडता. या प्रकाराला फ्लाइटिंग म्हणतात. फ्लाइट म्हणजे कचाकचा भांडणं, विमानाशी संबंध नाही. १५०८ साली चेपमन आणि मायलर या दोघांनी एडिंबऱ्यात स्कॉटलंडमधला पहिला छापखाना घातला, आणि त्यांच्या पहिल्यावहिल्या छपाईत धर्म आणि शौर्याबरोबर हे भांडणही निघालं. छापखाना आला रे आला की माणसं काय छापतात हे तेव्हाच ठरून गेलं होतं.

डनबारचं शेवटचं कडवं मोठ्याने म्हणून बघा, ताशा वाजतो. एकेका ओळीत तीन-तीन यमकं. 'मॉख मटन, बाइट बटन, पील्ट ग्लटन...' म्हणजे अळ्या पडलेलं मटण, बटणं चावणारा, टकल्या खादाड. पुढे 'ऑयस्टर ड्रेगर', समुद्राच्या तळातून कालवं खरवडणारा. मग गिरणीत सांडलेला कोंडा चाटणारा. बघा, आई-बहीण कुठे नाही. सगळा मारा दारिद्र्यावर, भुकेवर आणि हलक्या समजल्या गेलेल्या धंद्यांवर. समोरचा माणूस घरंदाज असल्यामुळे हे जास्त झोंबणार हे डनबारला पक्कं ठाऊक.

त्याहून मजेदार म्हणजे त्याने रंगवलेली वरात. केनेडी एडिंबऱ्याच्या रस्त्यावर दिसला की पोरं पोळ्यातल्या माश्यांसारखी बाहेर पडतात आणि 'आला आपला विद्वान' म्हणून ओरडत सुटतात. हा पुढे पळतोय, कावळे मागे लागलेल्या घुबडासारखा. गावातली झाडून सगळी कुत्री टाचांना लोंबकळतायत. हे सगळं कवितेत आहे, मी मीठमसाला लावलेला नाही.

केनेडीही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. तो डनबारच्या जलप्रवासाची गोष्ट काढतो. जहाजाचं नाव कॅथरीन. डनबारला बोट लागली. खलाशी पंपाने जेवढं पाणी उपसत होते त्याहून जास्त वेगाने हा ओकत होता. सुकाणू, होकायंत्र आणि वाळूचं घड्याळ, तिन्ही घाण करून ठेवली (वरून नव्हे, खालून). शेवटी तांडेल म्हणाला, याला त्या बास खडकावर उतरवा. बास रॉक म्हणजे एडिंबऱ्याच्या पूर्वेला खाडीच्या तोंडाशी असलेला उघडाबोडका कातळ, वर समुद्रपक्ष्यांची वस्ती आणि त्यांच्या शिटेचा पांढरा थर. नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून आजही दिसतो. मला तर तो दिसला की आधी डनबारच आठवतो.

या भांडणात कोण जिंकलं? हस्तलिखितात शेवटी एवढंच आहे की कुणाची जास्त खोड मोडली ते आता तुम्हीच ठरवा.

डनबारची दुसरी एक लांबलचक कविता आहे, दोन लग्नाच्या बायका आणि एक विधवा यांची. जूनमधली सणाची रात्र, बाग, दारूचे पेले, आणि कुंपणाच्या झुडपात लपून ऐकणारा कवी. पहिली बाई आपल्या म्हाताऱ्या नवऱ्याचं वर्णन करते ते असं: वॉलीड्रॅग, म्हणजे विणीतलं शेवटचं, वाढ खुंटलेलं पिल्लू. मग वर्म, म्हणजे किडा. मग वोबॅट, केसाळ सुरवंट. मग बम्बार्ट, नुसती घूंघूं करणारी नरमाशी. मग कफाने भरलेली पिशवी. मग खरूज झालेला पाणकावळा. हे सगळं एका दमात, आणि एकही शब्द वाया गेलेला नाही. सुरवंट का, तर दाढी टोचते. म्हातारा जवळ आला की काय होतं हे तिने पुढे सविस्तर सांगितलंय, ते इथे लिहीत नाही, धागा उडेल.

तुमच्या वाचनात, ऐकण्यात असले काही शब्द असतील तर टाका. उत्तर इंग्लंडवालेही चालतील. सरहद्द नकाशावर आहे, शिव्या दोन्हीकडे सारख्याच.

बंड्या

पहिला!!

लेख भारी. 'कफाची पिशवी' आज हापिसात एका माणसासाठी मनातल्या मनात वापरण्यात आली आहे.

गोरखचिंच

वाचनखूण साठवली. एक भर घालतो. हे फ्लाइटिंग आपल्यापर्यंत पोचलं त्याचं बरंचसं श्रेय जॉर्ज बॅनटाइन या एडिंबऱ्याच्या तरुण व्यापाऱ्याला. १५६८ साली शहरात प्लेग पसरलेला असताना घरात बसून त्याने शेकडो जुन्या कविता स्वतःच्या हाताने उतरवून काढल्या. टाळेबंदीत लोकांनी काय काय केलं ते आपण पाहिलंय, या गृहस्थाने एका भाषेचं साहित्य वाचवलं. त्याच वहीत केनेडीच्या तोंडी डनबारच्या जन्माविषयी एक शब्द आहे, 'नीट गर्भधारणाही न झालेला' अशा अर्थाचा. इंग्रजीतल्या त्या सुप्रसिद्ध चार अक्षरांच्या अगदी जुन्या लेखी नोंदींमध्ये त्याची गणना होते. पोरं आज जो शब्द दर वाक्यात घालतात त्याची वंशावळ दरबारी आहे म्हणायची.

दुसरं. समाजमाध्यमांवर 'विसरलेल्या पंचवीस शिव्या' असल्या याद्या फिरतात. एकाने टाकली की दुसरा उचलतो, कोणी कोश उघडत नाही. स्कॉट्स भाषेसाठी (डनबार लिहायचा ती) जॉन जेमिसनचा १८०८चा कोश आहे, आणि विसाव्या शतकातले दोन मोठे कोश २००४पासून एकत्र जालावर फुकट आहेत. तिथे प्रत्येक शब्दाला वापराचं उदाहरण मिळतं. शिवी म्हटली तरी तिला पुरावा हवा.

पेनाइन

मी ब्रॅडफर्डजवळ राहते, त्यामुळे सरहद्दीच्या अलीकडचा हिशोब माझ्याकडे.

गोरखचिंच यांनी स्कॉट्स कोश सांगितले, मग आमच्या जोसेफ राइटचं नाव घ्यायलाच हवं. जन्म १८५५, गाव थॅकली, ब्रॅडफर्डच्या वेशीवर. सहाव्या वर्षी खाणीत गाढवं हाकायला, सातव्या वर्षी सॉल्टच्या गिरणीत कांड्या बदलायला. पंधराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नाही. हाच माणूस पुढे ऑक्सफर्डात भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश त्याने स्वतःच्या खिशाला खार लावून काढला. गिरणीत पोरांना मुकादमाकडून जे ऐकायला मिळतं ते त्याने लहानपणी फुकटात गोळा केलेलं होतं. म्हणून त्या कोशातल्या शिव्या जिवंत वाटतात.

माझे आवडते दोन शब्द सांगते.

सॅकलेस. मूळ जुनं नॉर्स, वायकिंग लोकांबरोबर आलेलं. मूळ अर्थ 'ज्याच्यावर आरोप नाही असा', निर्दोष. मग निरुपद्रवी. मग साधाभोळा. मग बावळट. शेवटी आळशी आणि कुचकामी. कोर्टातून निर्दोष सुटलेला माणूस पाच-सातशे वर्षांत गावचा येडा ठरला. न्यूकॅसलकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून ऐकू येतो.

गॉमलेस. गॉम म्हणजे लक्ष, भान. हाही नॉर्स. ज्याला कशाचं भान नाही तो गॉमलेस. आज सगळ्या इंग्लंडात गॉर्मलेस म्हणून चालतो, पण एमिली ब्राँटेच्या 'वदरिंग हाइट्स' कादंबरीत (१८४७) नायक हीथक्लिफ तो वापरताना मुद्दाम म्हणतो की हा आमच्या जोसेफचा शब्द. जोसेफ हा त्यातला घरगडी, कायम बायबल आणि कायम कुरकुर. तो दुसऱ्याला 'यू आर अ नाउट' म्हणतो. नाउट म्हणजे काहीच नाही, शून्य. एवढ्या छोट्या शब्दात माणूस पुसून टाकायचा. एमिली ब्राँटे गेल्यावर बहीण शार्लटने १८५०च्या आवृत्तीत जोसेफची बोली सौम्य केली, दक्षिणेतल्या वाचकांना कळेना म्हणून. लंडनच्या वाचकाची सोय बघायची म्हणजे यॉर्कशरच्या म्हाताऱ्याने तोंड आवरायचं, ही रीत जुनी आहे.

आणि एक न मेलेली: 'डाफ्ट एपथ'. डाफ्ट म्हणजे खुळा, एपथ म्हणजे हाफपेनीवर्थ, अर्ध्या पेनीला जेवढं मिळेल तेवढं. आपल्या दिडदमडीच्याची सख्खी बहीण. जुनी अर्धी पेनी १९६९ला गेली, नवी १९८४ला बंद झाली, शिवी मात्र चलनात आहे. फरक एवढाच की दिडदमडीचा म्हटलं की माणूस खवळतो आणि एपथ म्हटलं की हसतो. आमच्या शेजारच्या आजी मला गेटपाशी किल्ल्या शोधताना बघून हेच म्हणतात.

बंड्या

स्कॉट्समध्ये 'सम्फ' म्हणून शब्द सापडला, अर्थ मंद, सुस्त, ठोंब्या. आणि आपला शुंभ! आमचे मास्तर 'शुंभासारखा उभा काय राहतोस' म्हणायचे. काय म्हणता, आहे की नाही नातं?

गोरखचिंच

नाही. शुंभ हा शुंभ-निशुंभातला, देवीने मारलेला राक्षस. सम्फचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आवाज सारखा म्हणून नातं जोडायचं तर 'लर्डन'ची गत होते. लर्डन म्हणजे ऐतखाऊ, लोळत पडणारा. दोन्हीकडे चालायचा, आता गेला. मूळ जुन्या फ्रेंचमधलं, जड-बोजड अशा अर्थाचं. पण लोकांनी गोष्ट रचली की डेन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर घराघरात एकेक 'लॉर्ड डेन' बसून फुकट खायचा, त्यावरून लर्डन. गोष्ट इतकी छान की विद्वानांनीही उतरवून घेतली. आळसाला तर 'लर्डनचा ताप' असं रोगाचं नावच पडलं होतं. सोमवारी सकाळी रजेच्या अर्जात लिहायला उत्तम.

खरं नातं हवं असेल तर ते वेगळ्याच वाटेने आहे. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर कर्क येथम हे जिप्सींचं जुनं ठाणं. त्यांची रोमानी भाषा आपल्याच कुळातली, शेकडो वर्षांपूर्वी भारतातून निघालेली. तिचे शब्द सीमाभाग, एडिंबरा, न्यूकॅसल इथल्या रस्त्यावरच्या बोलीत मुरलेत. 'चोर' म्हणजे चोरी करणे. 'पानी' म्हणजे पाणी. 'जूगल' म्हणजे कुत्रा. 'गॅजी' म्हणजे बाप्या, मूळ अर्थ आपल्यातला नसलेला माणूस. तिथलं पोरगं दुसऱ्यावर सायकल 'चोर' केल्याचा आळ घेतं तेव्हा ते आपल्या आजीचाच शब्द वापरत असतं.

बंड्या

सम्फ मी सोडणार नाही. बाकी मान्य.

शब्दवेडी

लेख आणि प्रतिसाद आवडले, पण एक गोष्ट टोचली म्हणून लिहिते.

डनबार-केनेडी भांडले, राजाने ऐकलं, छापखान्याने छापलं. डनबारला राजाकडून वर्षासन होतं. १५००मध्ये दहा पौंड, १५०७मध्ये वीस, १५१०मध्ये ऐंशी. शिव्यांसाठी मिळालं असं मी म्हणत नाही, पण शिव्यांमुळे बंदही पडलं नाही. आता त्याच एडिंबऱ्यातली बेसी टेलिफीर बघा. साल १५६७. ती शहराच्या एका बेलीला, म्हणजे नगरपालिकेच्या अधिकाऱ्याला, म्हणाली की तू खोटी मापं वापरतोस. शिक्षा: तोंडाला ब्रँक्स घालून बाजारातल्या क्रूसापाशी तासभर उभं राहणं.

ब्रँक्स म्हणजे काय ते नीट सांगते, कारण संग्रहालयात काचेआड ते शोभेचं वाटतं. डोक्याभोवती बसणारा लोखंडी पिंजरा, मागे कुलूप, पुढे आत वळलेली लोखंडी पट्टी. ती तोंडात जिभेवर बसते. काहींमध्ये त्या पट्टीला खिळे असायचे. बोलायचा प्रयत्न केला की जीभ फाटायची. न्यूकॅसलमध्ये हा प्रकार पाहिल्याची साक्ष राल्फ गार्डिनरने १६५५ साली छापलेल्या पुस्तकात आहे. अ‍ॅन बिडलस्टन नावाच्या बाईला नगरपालिकेचा माणूस दोरीने रस्त्यातून ओढत नेतोय, डोक्यावर लोखंडी सांगाडा, तोंडातून रक्त. गार्डिनर स्वतः दारू गाळणारा, न्यूकॅसल नगरपालिकेच्या मक्तेदारीशी भांडून तुरुंगात गेलेला, त्यामुळे नगरपालिकेची लक्तरं वेशीवर टांगण्यात त्याला रस होता हे खरं. पण साक्ष शपथेवरची आहे.

इंग्लंडच्या कायद्यात 'कॉमन स्कोल्ड' असा गुन्हाच होता. कज्जेदलाल बाई, शेजाऱ्यांची शांतता मोडणारी. हा गुन्हा फक्त बाईच करू शकायची. कायद्याच्या पुस्तकातून तो कधी गेला? १९६७ साली. आणि हा 'स्कोल्ड' शब्द बहुधा नॉर्स 'स्काल्ड'वरून आला असं मानतात. स्काल्ड म्हणजे कवी!

तिरफळ यांनी त्या पहिल्या बाईची शिव्यांची माळ दिली. सुंदरच आहे. पण ती लिहिली पुरुषाने. खऱ्या बाईचं तोंड ऐकायचं तर कोर्टाची दफ्तरं उघडावी लागतात.

सदू_सातारकर

शब्दवेडीताई, आमच्याकडं उलटं हाय. खंडाळा तालुक्यात सुखेड आन बोरी ही दोन गावं, मधी वढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका वढ्याच्या दोन काठाला जमून हातवारं करून एकमेकींना शिव्या घालत्यात. बोरीचा बार म्हंत्यात. वाजाप असतं, बघायला ही गर्दी. पोलीस बी असत्यात पण ते बायकांनी पाण्यात उतरून एकमेकींना वढू ने म्हणून. लगाम बिगाम काय न्हाय. आमची आत्या वरीसभर साठवून ठेवायची.

तिरफळ

सदूशेठ, हे डनबारला कळलं असतं तर तो जहाजात बसून आला असता, सुकाणूचं काय व्हायचं ते होवो.

शब्दवेडी, मुद्दा बिनतोड. कोर्टाच्या दफ्तरांबद्दल म्हणालात तर डरमच्या धर्मन्यायालयाच्या सोळाव्या शतकातल्या साक्षी छापलेल्या आहेत, सर्टीज सोसायटीने १८४५ साली काढल्या. बदनामीचे दावे ढिगाने. साक्षीदाराने शिवी शब्दशः सांगायची आणि कारकुनाने ती तशीच उतरवायची, म्हणून बायकांचा आवाज टिकला. त्यात अ‍ॅग्नेस ब्लेंकिन्सॉप ही मार्गारेट निकोल्सन या अविवाहित बाईला म्हणते, आधी रांड वगैरे झाल्यावर, 'अगं पोरी, तुझी मला कीव येते. अर्ध्या पेनीचा दोर आणून देऊ का, म्हणजे गॅलोगेट चढून जाशील आणि फाशी घेशील?'

गॅलोगेट म्हणजे न्यूकॅसलमधला फाशीच्या माळाकडे जाणारा रस्ता. फुटबॉलवाल्यांना नाव ओळखीचं असेल, न्यूकॅसल युनायटेडच्या मैदानातला एक स्टँड आजही गॅलोगेट एंड आहे. आणि दोर पुन्हा अर्ध्याच पेनीचा, म्हणजे पेनाइन यांच्या एपथचीच मावशी. तुझ्यावर याहून जास्त खर्च करायची माझी तयारी नाही, हा तो टोमणा.

फासावरून स्कॉट्समध्ये दोन शब्द होते. हेम्पी, म्हणजे अंबाडीच्या दोराच्या लायकीचा. आणि विडीफू. विडी म्हणजे वाळुंजाच्या डहाळ्या पिळून केलेला दोर, जुन्या काळी फाशीलाही तोच. विडीफू म्हणजे तो दोर भरणारा, ज्याच्या मानेशिवाय फास रिकामा दिसेल असा. आपला 'मुडदा बशिवला' त्याच जातीचा, पण आपण मेल्यानंतरचं बघतो आणि हे लोक लटकवण्याच्या तांत्रिक बाजूकडे लक्ष देतात.

ठसकेबाज

सगळे वाहवा करतायत म्हणून विरोधी सूर लावतो. डनबारने केनेडीला जे बोल लावले त्यातले कितीतरी तो गेलिक बोलतो म्हणून आहेत (गेलिक म्हणजे पश्चिम स्कॉटलंडची जुनी भाषा, तेव्हा तिला आयरिशच म्हणत). 'आयरिश भाट', भिकारी, रानटी, पायात कच्च्या चामड्याचं पायताण. म्हणजे लोथियनचा, एडिंबऱ्याकडचा, शहरी माणूस पश्चिमेकडच्याला हिणवतोय. आज एखाद्याने असाच विनोद घाटी किंवा कोकण्या म्हणून केला तर याच संस्थळावर दोनशे प्रतिसादांचा राडा होईल. पाचशे वर्षं जुनं आणि यमकात आहे म्हणून सुंदर?

तिरफळ

यमकात आहे म्हणून सुंदर, हो. आणि हिणकसही आहे, तेही हो. पण केनेडीने ते गपगुमान ऐकून घेतलं नाही हे सांगायला हवं. त्याचं उत्तर असं, की गेलिक हीच या देशाची खरी भाषा, सगळ्या सच्च्या स्कॉट्सची तीच बोली असायला हवी. आणि गंमत म्हणजे हे तो गेलिकमध्ये म्हणत नाही, डनबारच्याच भाषेत आणि डनबारच्याच वृत्तात म्हणतो. प्रतिस्पर्ध्याच्या आखाड्यात, त्याच्या नियमांनी. मला तरी तिथे केनेडी अंगठाभर उंच वाटतो.

हीन लेखणं कुठून कुठे जातं ते मात्र बघत राहावं. अठराव्या शतकातला स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स हा शेतकऱ्याचा पोर, त्याने तेच हत्यार उलटं फिरवलं. १७९५च्या गाण्यात तो म्हणतो, तो बघा तो, लॉर्ड म्हणवतो, ऐटीत चालतो, टक लावून बघतो, पण आहे नुसता कूफ. कूफ म्हणजे मूर्ख, खुळा. हेच गाणं १९९९ साली स्कॉटिश संसदेच्या उद्घाटनाला राणीच्या समक्ष गायलं गेलं. आणि त्याच्या 'टॅम ओ'शँटर' कवितेतल्या टॅमची बायको केट, जी दारूड्या नवऱ्याची वाट बघत राग उबवत बसलेली असते, ती त्याला स्केलम आणि ब्लेलम म्हणते. ब्लेलम म्हणजे निरर्थक बडबड्या. स्केलम हा डच शब्द, बदमाश. हॉलंडशी स्कॉटलंडचा व्यापार मोठा, त्या मालाबरोबर अशा वस्तूही उतरत.

ठसकेबाज

केनेडीचं उत्तर माहीत नव्हतं. ते पाठ करण्यासारखं आहे.

पेनाइन

पक्ष्यांवर कोणी बोललं नाही. गाउक! म्हणजे कुकू, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारा, युरोपातला कोकीळवर्गीय. हाही नॉर्स. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडात गाउक म्हणजे बावळट. एक एप्रिलला भोळ्या माणसाच्या हाती मोहोरबंद चिठ्ठी देऊन लांब धाडायचं. आत लिहिलेलं: हसू नका, गाउकला अजून एक मैल पुढे पिटाळा. वाचणारा गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, हे माझ्याकडचं काम नव्हे, अमक्याकडे जा. असं दिवसभर. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही. आपल्याकडे मात्र गाणाऱ्या बाईला कोकिळा म्हटलं की ती खूश होते.

अजून एक, 'केट'. जुन्या नॉर्समधलं मांस, इथे आल्यावर त्याचं झालं सडकं मांस, मेलेलं ढोर. केटी म्हणजे घाणेरडा, किळसवाणा. आणि डरमकडच्या पोरांच्या बोलीत केट म्हणजे चक्क गोळ्या-चॉकलेट! आया म्हणत असणार, नको खाऊ ती घाण, आणि पोरांनी घाणीचंच नाव खाऊला ठेवलं.

गोरखचिंच

महाराष्ट्राशी एक धागा आहे म्हणून अवांतर. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन हे सीमाभागातल्या लॉडर गावचे, जन्म १८०४. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत मराठी भाषेवरचं टिपण त्यांचंच. ज्याच्या कानावर लहानपणी गाउक आणि सम्फ पडले असणार त्याने पुढे आयुष्यभर मराठी ऐकली. मोल्सवर्थमध्ये शिव्यांना जागा नाकारलेली नाही हे तो कोश चाळलेल्यांना माहीत आहेच.

शब्दवेडी

'बॉखल' राहिला की. ख घशातून. झिजलेलं, टाच मोडलेलं जुनं पायताण, त्यावरून गबाळा, खंगलेला माणूस. हा पुरता मेलेला नाही, ग्लासगोच्या म्हाताऱ्यांकडे आहे असं ऐकते. तसंच 'बिझम', म्हणजे मूळ बेसम, झाडू. आगाऊ पोरीला म्हणायचं. पायताण आणि केरसुणी या दोन वस्तू शिव्यांच्या कामी सगळ्या जगात येतात वाटतं.

तिरफळ

बॉखलवरून आठवलं. त्याच उच्चाराचं क्रियापद होतं, आणि ते थेट सरहद्दीवरचं. सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवर दोन्हीकडचे लोक गुरं पळवायचे, खंडणी मागायचे, शब्द द्यायचे आणि मोडायचे. ठरावीक दिवशी दोन्हीकडचे वॉर्डन, म्हणजे सीमेवरचे सरकारी अधिकारी, भेटून तंटे सोडवत. त्या दिवशी तलवार म्यान. अशा वेळी ज्याचा विश्वासघात झालाय तो भाल्याच्या टोकाला हातमोजा अडकवून घोड्यावरून सगळ्या जमावात फिरायचा आणि अमक्याने शब्द मोडला म्हणून ओरडायचा. याला बॉखलिंग म्हणत. हातमोजा म्हणजे दिलेल्या वचनाची खूण. एकही घाणेरडा शब्द नाही, तरी यावरून मुडदे पडायचे, म्हणून वॉर्डनच्या परवानगीशिवाय बॉखलिंग करायला बंदी होती. शिवी द्यायला सरकारी परवाना!

बंड्या

परवान्याचा अर्ज कुठे मिळेल? हापिसातल्या कफाच्या पिशवीसाठी हवाय. मराठीतून भरला तर चालेल ना?

सदू_सातारकर

बंड्या, परवाना कशाला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ये बोरीला. फकस्त काठावर हुबा ऱ्हा, बायकांच्या मधी तोंड घालू नगंस.